काटा चढायचा तो फक्त घाटात

पहिल्यांदा ते झालं कुंभार्ली घाटात. जुलै महिना, संध्याकाळचे साडेसात वाजून गेलेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कराडला आईच्या डोळ्यांची तपासणी होती, म्हणून आम्ही आदल्या दिवशीच गुहागरहून निघालो होतो. दादा चालवत होता, मी शेजारी, आई मागे. चिपळूण सुटलं, पोफळी मागे पडली, चढ लागला आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर समोरचा रस्ता पिवळा दिसायला लागला. आधी वाटलं धुकं दाट झालं. मग वायपरकडे लक्ष गेलं. तो काचेवर अर्ध्यात रेंगाळत होता. आणि पॅनेलवर टेंपरेचरचा काटा तांबड्या पट्टीला टेकलेला.

दादाने गाडी कडेला घेऊन बंद केली. बॉनेट उघडताना माझी खात्री होती की रेडिएटर उकळत असणार. पण वाफ नव्हती, वास नव्हता. वरचा होज गरम होता, पण लांबच्या प्रवासात एरवी असतो तेवढाच, आणि फडक्याने दाबून पाहिला तर फुगलेलाही नव्हता. पंधरा मिनिटं पावसात थांबून किल्ली फिरवली. आतून नुसतं ‘टक्क’. इंजिन सुरू करणारा सेल्फ फिरलाच नाही. पुन्हा टक्क. तिसऱ्या वेळेला मात्र गाडी एका झटक्यात चालू झाली. घाटमाथा ओलांडून हेळवाकला पोचलो तेव्हा काटा मध्यावर होता आणि दिवे लख्ख होते. पुढे पाटण, कराड, कुठेच काही नाही.

आमची जीप १९९६ सालची आहे. बाबांनी ती आंब्याच्या पेट्या वाहायला घेतली आणि पुढे आमच्या घरातलं सगळंच तिने वाहिलं. दवाखान्याच्या फेऱ्या, लग्नाचे आहेर, नारळ, चिरे, खताच्या गोणी. ती विकायचा विषय आमच्याकडे निघत नाही. डिझेल गाडी, त्यामुळे तिला स्पार्क लागत नाही. एकदा सुरू झाली की दिवे गेले तरी इंजिन चालत राहतं. म्हणूनच इलेक्ट्रिकचं दुखणं अंगावर काढणं सोपं जातं. गाडी थांबत नाही ना, मग बघू पुढच्या महिन्यात. आम्हीही तेच केलं.

पहिल्या गॅरेजमध्ये बॅटरीला मीटर लावला, ११.९ आलं. पूर्ण भरलेली बारा व्होल्टची बॅटरी शांत असताना १२.६ च्या आसपास दाखवते, ११.९ म्हणजे ती जवळजवळ रिकामीच. नवी बॅटरी बसवली. तीन आठवड्यांनी घाटात पुन्हा तेच. मग इंजिनच्या फिरण्यावर वीज तयार करणारा अल्टरनेटर उतरवला, कार्बन बदलले, बेअरिंग बदललं, डायोडची प्लेट बदलली. पुन्हा तेच. टेंपरेचरचा काटा चढतो हे सांगितल्यावर थर्मोस्टॅट बदलला आणि रेडिएटर खोलून साफ करून घेतला. सगळं मिळून बारा हजारांच्या वर गेले. प्रत्येक वेळी गाडी गॅरेजच्या फरशीवर उभी करून, इंजिन चालू ठेवून, दिवे लावून तपासली जायची आणि ठीक निघायची. ‘आमच्याकडे तर व्यवस्थित चालतेय ताई’, हे वाक्य मी तीन ठिकाणी ऐकलं. ते खोटं बोलत नव्हते. त्यांच्याकडे ती खरंच व्यवस्थित चालत होती.

मी कनिष्ठ महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. ओहमचा नियम दरवर्षी फळ्यावर लिहिते. श्रावणात, थर्मोस्टॅट बदलूनही मार्गताम्हान्याच्या चढावर दिवे मंदावले, त्या रात्री मला मनापासून वाटलं की हे आता मीच बघायला हवं. विजेचं काही येत-जात असतं ते अंगात आल्यासारखं नसतं. त्याला कारण असतं आणि वेळही असते, फक्त आपण ती वेळ लिहून ठेवलेली नसते.

म्हणून आधी वही केली. शंभर पानी, डॅशबोर्डच्या खणात, दोरीने बांधलेलं पेन. दादाला आणि बाबांना सांगितलं, दिवे मंदावले की तिथल्या तिथे लिहायचं: जागा, चढ का उतार का सपाट, कितवा गिअर, पाऊस आहे का, दिवे-वायपर चालू का बंद, टेंपरेचरचा काटा कुठे, डिझेलचा काटा कुठे. बाबांना हा शाळकरी प्रकार वाटला. ‘अगो, गाडी बिघडली की मिस्त्रीकडे न्यायची, तिचा निबंध कसला लिहितेस,’ म्हणाले. पण लिहिलं त्यांनीच सर्वांत नेमकं. ‘शृंगारतळीच्या पुढे, दुसरा गिअर, मागे खताच्या चार गोणी, पाऊस नाही.’

पाऊस नाही. हे दोन शब्द फार उपयोगाचे निघाले. तोपर्यंत आम्ही सगळे आणि तिन्ही गॅरेजवाले पावसालाच धरून बसलो होतो. कोकणातली जुनी गाडी, चार महिने पाणी, वर समुद्राची खारी हवा, मग कुठेतरी वायर ओली होऊन शॉर्ट होत असणार. फ्यूज मात्र एकदाही उडालेला नव्हता, हेही वहीत दिसत होतं. शॉर्ट असता तर उडाला असता.

सहा आठवड्यांत अकरा नोंदी जमल्या. अकराच्या अकरा चढावरच्या. सपाटीवर एकही नाही, उतारावर एकही नाही. दहा रात्रीच्या, म्हणजे दिवे चालू असतानाच्या. एकच दिवसाची, आणि तेव्हा पावसामुळे वायपर आणि दिवे दोन्ही चालू होते. आणखी एक गोष्ट मला तिसऱ्यांदा वही वाचताना दिसली. टेंपरेचरचा काटा प्रत्येक वेळी वर गेला होता. डिझेलचा काटा एकदाही हलला नव्हता.

दोन्ही काटे एकाच पॅनेलवर, एकमेकांच्या शेजारी, दोघांना वीज एकाच वायरने येते. पॅनेलला वीज कमी-जास्त होत असती तर दोघांचं बिनसलं असतं. मग फरक कुठे आहे? मी कागदावर काढून पाहिलं. डिझेलच्या काट्याचा सेंडर, म्हणजे मोजमाप काट्याला कळवणारा भाग, टाकीत असतो आणि टाकी चेसिसवर, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्यावर. टेंपरेचरचा सेंडर इंजिनमध्ये रुतलेला असतो आणि त्याची परतीची वाट इंजिनच्या लोखंडातून. म्हणजे एकाचं अर्थिंग चेसिसवर, दुसऱ्याचं इंजिनवर. या दोघांत फरक पडतच नाही असं धरून गाडी बनवलेली असते. पॅनेलचं स्वतःचं अर्थिंग चेसिसवर. समजा इंजिन आणि चेसिस यांच्यात दोन व्होल्टचा फरक पडला, तर डिझेलच्या काट्याला काही कळणार नाही, पण टेंपरेचरच्या सेंडरमधून हिशेबापेक्षा जास्त करंट जाईल आणि काट्याला वाटेल इंजिन तापलं. पाणी थंडच असेल.

हे कागदावर जुळलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले होते. मी दादाला उठवलं नाही, पण उठवावंसं फार वाटलं.

चिपळूणला एक वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत. आता दुकान मुलगा चालवतो, चाचा खुर्चीत बसून असतात. दादा त्यांना पूर्वीपासून ओळखतो. त्यांना वही दाखवली आणि काट्यांचं सांगितलं. त्यांनी वही हातात घेतली नाही. उठले, जीपपाशी आले, बॉनेट उघडायला लावलं आणि बॅटरीकडे, अल्टरनेटरकडे, फ्यूजकडे ढुंकूनही न बघता ॲक्सिलरेटरच्या केबलवर बोटं फिरवत गेले. इंजिनकडच्या टोकाला थांबले.

‘ताई, इथं हात लावा.’

केबलचं काळं प्लॅस्टिकचं आवरण तिथे चार बोटं लांबीभर वितळून सुरकुतलेलं होतं. जवळपास सायलेन्सरचा पाइप नव्हता, गरम होण्यासारखं काहीच नव्हतं.

‘ॲक्सिलरेटर जड चालतो का?’

दादा म्हणाला, हो, चार-सहा महिने झाले.

‘सेल्फचा करंट हिच्यातनं परत चाललाय. त्याला रस्ता पायजे ना. मोठा रस्ता बंद केलात तुम्ही, तो गल्लीतनं जातोय.’

मी वर्गात इतकी वर्षं सर्किट बंद असावं लागतं हे सांगत आले, पण गाडीत परतीची वायर कुठून जाते याचा मी कधी विचार केला नव्हता. गाडीत दिव्याला एकच वायर जाते. परत येण्याचं काम गाडीचं लोखंड करतं. बॅटरीची निगेटिव्ह केबल चेसिसला आवळलेली असते. पण इंजिन चेसिसवर थेट बसत नाही. ते रबराच्या फाउंडेशनवर बसतं, नाहीतर त्याची थरथर माणसाला गाडीत बसू देणार नाही. रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चेसिस यांच्यामध्ये वेणीसारखी विणलेली तांब्याची एक पट्टी बोल्टने आवळलेली असते. वीतभर लांब, किंमत अगदी किरकोळ. सेल्फ मारताना दोन-अडीचशे अँपिअर तिच्यातून इंजिनकडून चेसिसकडे जातात. गाडी चालू झाल्यावर अल्टरनेटरने दिव्यांना, वायपरला, बॅटरीला दिलेली सगळी वीज तिच्यातूनच उलट दिशेने, चेसिसकडून इंजिनकडे परत येते. ती पट्टी नीट नसेल तर करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून, क्लचच्या केबलमधून, स्पीडोमीटरच्या केबलमधून, जिथून फट मिळेल तिथून जातो.

‘फाउंडेशन बदललेत?’ चाचांनी विचारलं. बदलले होते. दोन वर्षांपूर्वी, दुसरीकडे. ‘मग पट्टी तेव्हा खोलली असणार. खालनं बघा.’

गाडीखाली शिरून दादाने पाहिलं. पट्टी होती. दोन्ही बोल्ट घट्ट. बाहेरून सगळं ठीक. मी माझा मल्टिमीटर ओहमवर लावला, एक टोक इंजिनला, एक बॅटरीच्या निगेटिव्हला. ०.३ ओहम. मीटरची दोन टोकं एकमेकांना टेकवली तरी ०.३ येत होते, म्हणजे हा रोध मीटरच्या स्वतःच्या वायरींचा. पट्टीत दोष शून्य.

इथे मी हार मानली असती. चाचा हसले नाहीत, पण त्यांनी मीटर माझ्या हातातून अलगद घेऊन बाजूला ठेवला. हा मीटर ओहम मोजताना आपल्याच छोट्या सेलमधून चिमूटभर करंट सोडतो. पट्टीच्या दोनशे तारांपैकी चार शाबूत असल्या तरी तेवढा करंट सहज पलीकडे जातो. आमच्याकडे ओढ्यावर साकव असतो, त्याच्यावरून मांजर गेली म्हणून बैलगाडी जाईल असं नाही. साकव तपासायचा तर गाडी घालून तपासावा लागतो. म्हणजे ओहम मोजायचे नाहीत. पूर्ण भार चालू असताना, पट्टीच्या दोन टोकांमध्ये किती व्होल्ट हरवतात ते मोजायचं. चांगल्या पट्टीत काहीच हरवत नाहीत, मीटर शून्याजवळ राहतो. मीटर ‘शून्य’ म्हणाला की बरं, हे बारा व्होल्ट शोधायची सवय असलेल्या डोळ्यांना जरा उलटं वाटतं.

चाचांनी तिथेच पट्टी बदलली असती. मीच नको म्हटलं. बॅटरी बदलून झाली, अल्टरनेटर झाला, आता पट्टीही अंदाजानेच बदलायची आणि पुढच्या महिन्यात घाटात आईला घेऊन पुन्हा उभं राहायचं, हे मला नको होतं. आधी मला तो दोष आकड्यांत बघायचा होता. चाचा म्हणाले, ‘बघा. पण केबल जळतेय, सेल्फ जास्त मारू नका.’

घरी आल्यावर दोन लांब वायरी घेतल्या. एकीचं टोक इंजिनच्या उघड्या बोल्टला चिमट्याने लावलं. दुसरीचं बॅटरीच्या निगेटिव्हला, पण वरच्या क्लॅम्पला नाही, तर थेट शिशाच्या खुंटीला. क्लॅम्प आणि खुंटी यांच्यातही व्होल्ट हरवू शकतात. दोन्ही वायरी फायरवॉलच्या, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याच्या, भोकातून आत आणल्या, मीटर पॅनेलच्या शेजारी चिकटपट्टीने लावला आणि मोबाइल अशा कोनात बांधला की मीटरचा आकडा आणि टेंपरेचरचा काटा एकाच चौकटीत दिसावेत. आकडा उडी मारून परत येणार आणि स्वस्तातला मीटर ती उडी डोळ्यांना नीट दाखवणार नाही. व्हिडिओ मागे-पुढे करून बघता येतो.

घाटात जायची गरज पडली नाही. आमच्या खळ्यातून वरच्या रस्त्याला जाणारी जांभ्याची घाटी चांगली खडी आहे. मागे पंधरा चिरे भरले. अंधार पडल्यावर दिवे, वायपर, पंखा सगळं लावून दादाने दुसऱ्या गिअरमध्ये गाडी चढवायला घेतली.

खळ्यात उभी असताना मीटरवर उणे ०.१२. घाटीच्या पायथ्याशी उणे ०.२. चढ लागला, इंजिनला ओझं आलं, आणि उणे ०.६, उणे १.१. मधल्या वळणावर, जिथे मागचं चाक नेहमी खड्ड्यात जातं, तिथे एकदम उणे २.३. त्याच क्षणी काटा वर आणि समोरच्या फणसाच्या झाडावरचा उजेड पिवळा. दादाने क्लच दाबला. उणे ०.१५. दिवे पुन्हा पांढरे. क्लच सोडला, पुन्हा उणे २ च्या पुढे. आम्ही हे चार वेळा केलं. सहा आठवडे ज्याची वाट बघत होतो ते आता दादाच्या डाव्या पायाखाली होतं, हवं तेव्हा येत होतं, हवं तेव्हा जात होतं. मी त्या आनंदात मोठ्याने ओरडले, तर बाबा घाबरून बाहेर आले.

रात्री पडवीत बसून व्हिडिओ पाहिला. मला त्या उणे चिन्हाने अडवलं होतं. इंजिन हे बॅटरीच्या निगेटिव्हपेक्षाही खाली कसं जाईल? उत्तर अल्टरनेटरमध्ये होतं. गाडी चालू असताना वीज पुरवणारा तो आहे, बॅटरी नाही. त्याचं शरीर इंजिनवर आवळलेलं, तेच त्याचं निगेटिव्ह. त्याच्या आतला रेग्युलेटर स्वतःच्या दोन टोकांमध्ये चौदा-सव्वाचौदा व्होल्ट राखतो आणि समाधानी असतो. पट्टीत त्यातले २.३ हरवतात, चेसिसवरच्या दिव्यांना आणि बॅटरीला उरतात बाराच्या खाली. अल्टरनेटरला काही कळत नाही, आणि म्हणून तो उतरवून बाकावर तपासला तर दोष सापडत नाही. बॅटरी मात्र घाटात दर खेपेला उपाशी राहते आणि गॅरेजमध्ये ११.९ दाखवते. आम्ही बदललेली ती बॅटरी कदाचित चार्ज करून आणखी दोन वर्षं चालली असती. ती आम्ही मोडीत दिली, याचं मला वाईट वाटतं.

करंटचा हिशेब केला. साठ-पंचावन्नचे दोन दिवे डिपरवर म्हणजे ११० वॉट, तेच नऊ अँपिअर. वायपर, पंखा, मागचे दिवे धरून पंचवीसच्या आसपास. २.३ भागिले २५ म्हणजे ०.०९ ओहम. ओहमच्या दहाव्या भागाहूनही कमी रोधाने आम्हाला दोन महिन्यांहून जास्त फिरवलं, आणि माझ्या मीटरच्या वायरींचा रोध त्याच्या तिप्पट. दिव्याचा उजेड व्होल्टेजइतकाच कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो, साधारण साडेतीन घाताने. चौदाचे बारा झाले की उजेड निम्म्याच्या जवळ येतो. घाटात धुकं वाटलं होतं ते हेच.

चढच का, याचं उत्तर क्लचने दिलं होतं. चढावर इंजिन जोर लावतं तसं ते रबरांवर एका कुशीला कलतं. बोटभर कलत असेल, पण पट्टी ताणली जायला तेवढं पुरतं. उतारावर जोर नसतो. गॅरेजच्या फरशीवर तर अजिबात नसतो.

दुसऱ्या दिवशी उरलेली एक परीक्षा केली. जंप केबलचा काळा चिमटा इंजिनच्या बोल्टला आणि दुसरा बॅटरीच्या निगेटिव्हला लावला, म्हणजे पट्टीला बगल दिली. तेच पंधरा चिरे, तीच घाटी, तोच गिअर. मीटर उणे ०.०५ वरून हलला नाही, काटा मध्यावर, फणस पांढरा. चिमटा काढला, पुन्हा उणे २. लावला, पुन्हा ठीक. एकदा बरं झालं म्हणून माझा विश्वास बसत नव्हता, कारण ही गाडी काही न करताही बरी व्हायची. काढल्यावर दुखणं परत आलं तेव्हा विश्वास बसला. सेल्फ मारतानाही एकदाच मोजलं, जंप केबलशिवाय: आता चिन्ह अधिक, ३.१ व्होल्ट. सेल्फ मारताना बॅटरीवर १०.९ होते, म्हणजे सेल्फला मिळत होते ७.८. त्यात टक्क करण्यापलीकडे तो काय करणार!

पट्टी काढायच्या आधी बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली. आधी निगेटिव्हच सोडवायची. पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला तर ठिणगीने हात भाजतो, पाना वितळतो. पट्टी हातात आली तेव्हा तारांची वेणी बरी होती. पण तिच्या टोकाला दाबून बसवलेला लग, म्हणजे बोल्टखाली आवळायचं धातूचं टोक, चाकूने उकलला आणि आत नुसती हिरवी भुकटी. कळंक. कल्हई नसलेल्या पितळेच्या भांड्यात ताक ठेवलं की ते कळकतं, तसं खाऱ्या दमट हवेने दाबलेल्या जागेत शिरून तारा आतल्या आत खाल्ल्या होत्या. उरलेल्या तारा दादाने मोजल्या, अठरा भरल्या. त्यांतल्याही निम्म्या नुसत्या टेकून होत्या.

आणि चेसिसच्या बाजूला दुसरा दोष. आमच्याकडे दर मे महिन्यात पाऊस लागण्यापूर्वी चेसिस घासून त्याला काळा रंग मारतात, नाहीतर गंज खाऊन टाकतो. फाउंडेशन बदलताना पट्टी काढली गेली आणि परत आवळली गेली ती रंगाच्या थरावर. रंग म्हणजे इन्सुलेशनच. वीज जात होती ती फक्त बोल्टच्या आट्यांमधून, आणि आट्यांवर गंज. तो रंग मी आणि बाबांनी मारला होता. बाबा ते बघून काही बोलले नाहीत. बराच वेळ त्या जागेकडे बघत राहिले.

चाचांनी नवी पट्टी दिली ती कल्हई चढवलेल्या तारांची; खाऱ्या हवेत तीच टिकते, म्हणाले. लग त्यांनी हायड्रॉलिक दाबयंत्राने दाबले. मी डाग देण्याबद्दल विचारलं तर नको म्हणाले: कथील तारांमध्ये वर चढतं, पट्टी तिथे ताठ होते आणि इंजिनच्या थरथरीने बरोबर त्याच रेषेवर तुटते. दोन्ही जागा लखलखीत धातू दिसेपर्यंत घासल्या, दातेरी वायसर घातले, आवळून झाल्यावर वरून ग्रीस चोपडलं. त्याशिवाय एक २५ चौरस मिलिमीटरची जाड केबल इंजिनवरून थेट बॅटरीच्या निगेटिव्हला टाकली. ॲक्सिलरेटरची भाजलेली केबल बदलली. सेल्फवर मोजलं, ०.२. दिवे-वायपर लावून, ०.०३.

हे सगळं झाल्यावर दिव्यांवरचं व्होल्टेज मोजलं तर बॅटरीपेक्षा दीड व्होल्ट कमीच निघालं. ते जुन्या स्विचचं आणि बारीक वायरीचं काम. सगळा करंट स्विचमधूनच जातो. दोन रिले, म्हणजे थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारे स्विच, घालून तेही मिटवलं. पण ते दुखणं कायमचं होतं, कुणी कधी त्याची तक्रार केली नव्हती.

ऑक्टोबरात आईच्या पुढच्या तपासणीला गेलो तेव्हा मी मुद्दाम संध्याकाळचीच वेळ धरली. घाटात पाऊस नव्हता, धुकं होतं. मीटर अजून पॅनेलला चिकटवलेलाच होता. दादा गप्प, मी गप्प. पहिल्या मुक्कामाच्या त्या वळणावर आईने मागून विचारलं, ‘इथेच ना गो थांबलो होतो?’ मी म्हटलं, हो, इथेच. मीटरवर ०.०४ होतं. हेळवाकला चहा घेतला आणि वहीत लिहिलं.

या मे महिन्यात चेसिस रंगवायला काढलं. बाबा सकाळीच खाली पोत्यावर आडवे झाले. आधी त्यांनी त्या बोल्टभोवती ग्रीस लावलं, त्यावर दुधाच्या पिशवीचं प्लॅस्टिक गुंडाळून सुतळीने बांधलं, गाठ ओढून बघितली, आणि मग माझ्याकडे हात करून ब्रश मागितला.